विश्लेषण : शेंगदाण्याच्या तीनशे वस्तू की मुळांवरच्या गाठी? कार्व्हर यांचे खरे काम कोणते?

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घरांत कधीच परके राहिले नाही. गुलामगिरीत जन्मलेला आणि शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ, ही त्यांची ओळख बहुतेकांना पाठ आहे. समाजमाध्यमांवर तर पीनट बटरचा शोधही त्यांच्या नावावर खपवला जातो. हा शोध त्यांचा नाही आणि तीनशे वस्तूंची गोष्टही अर्धीच खरी आहे. कार्व्हर यांचे मोठे काम त्याआधीचे, जमिनीखालचे होते. ज्याला खताचे पोते परवडत नाही, त्याच्या शेतात हवेतला नत्र जीवाणूंकडून फुकट कसा आणायचा, याचे ते काम. ते काम शास्त्राच्या बाजूने पक्के होते. तरीही ते अडले, आणि अडले ते वेगळ्याच ठिकाणी.

जन्म गुलामीत, शिक्षणासाठी वणवण

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह या वस्तीजवळ झाला. नेमकी तारीख सांगता येत नाही, कारण गुलामांच्या मुलांच्या जन्माची नोंद कोणी ठेवत नसे. आई मेरी ही मोझेस आणि सुझन कार्व्हर या जर्मन वंशाच्या शेतकरी दाम्पत्याची गुलाम होती. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी मेरी आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. मोझेस यांनी माणूस पाठवून शोध घेतला. बाळ परत मिळाले, त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला. आई मात्र कधीच सापडली नाही.

गुलामगिरी संपल्यावर जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम याच दाम्पत्याकडे वाढले. जॉर्ज सतत आजारी असे, त्यामुळे शेतातल्या कष्टांऐवजी तो घरकाम, धुणे आणि शिवणकाम शिकला. उरलेला वेळ झाडाझुडपांत जाई. जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून तो दहा-बारा वर्षांचा असताना निओशो गावी गेला. तिथे मरिया आणि अँड्र्यू वॉटकिन्स या कृष्णवर्णीय जोडप्याने त्याला आसरा दिला.

पुढची वर्षे कॅन्सस राज्यात गावोगाव भटकण्यात गेली. कुठे स्वयंपाक, कुठे लाँड्री, आणि मिळेल तिथे शाळा. १८७९ मध्ये फोर्ट स्कॉट गावात जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारले. ते दृश्य पाहून जॉर्जने ते गाव सोडले. पुढे हायलँड येथील कॉलेजने पत्राद्वारे प्रवेश दिला, पण हा विद्यार्थी काळा आहे हे प्रत्यक्ष दिसताच त्याला दारातून परत पाठवले.

चित्रकार शेतीकडे कसा वळला?

१८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्पसन कॉलेजने त्यांना प्रवेश दिला. तिथे ते चित्रकला आणि पियानो शिकत होते. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांचे वडील एम्स येथील राज्य कृषी महाविद्यालयात फलोद्यान विषयाचे प्राध्यापक होते. कृष्णवर्णीय तरुणाला चित्रांवर पोट भरणे अवघड जाईल, हे ओळखून त्यांनीच कार्व्हर यांना शेतीशास्त्राकडे वळवले. चित्रकला मात्र सुटली नाही. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरव झाला.

१८९१ मध्ये एम्सला दाखल झालेले कार्व्हर हे त्या महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. वनस्पतिशास्त्रज्ञ लुई पॅमेल हे त्यांचे गुरू. त्यांच्या हाताखाली कार्व्हर हरितगृह सांभाळत, बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करत आणि जीवाणूंच्या प्रयोगशाळेतही काम करत.

हा काळ महत्त्वाचा आहे. जर्मनीत हर्मन हेलरिगेल आणि हर्मन विल्फार्ट यांनी १८८६ ते १८८८ या काळात एक जुने कोडे सोडवले होते. निर्जंतुक केलेल्या वाळूत नत्र दिला नाही तर ओट आणि वाटाणा दोन्ही उपाशी राहत. त्याच वाळूत शेतातल्या मातीचे थोडे पाणी टाकले की वाटाणा तरारून येई, ओट मात्र तसाच खुरटलेला राही. फरक होता वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींचा. १८८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी त्या गाठींतले जीवाणू वेगळे काढून वाढवले. कार्व्हर शिकत होते तेव्हा हे ज्ञान जेमतेम काही वर्षांचे होते.

टस्कीगीत काय दिसले?

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेत बोलावले. कृष्णवर्णीयांना शिक्षण आणि हुन्नर देणारी ही संस्था तेव्हा पैशांनी तंग होती. प्रयोगशाळा नव्हतीच. विद्यार्थ्यांना घेऊन कार्व्हर यांनी टाकून दिलेल्या बाटल्या, बरण्या आणि भंगार गोळा केले आणि त्यातून उपकरणे तयार केली.

१८९७ मध्ये राज्याने इथे प्रयोगशेती मंजूर केली आणि वर्षाला १५०० डॉलर देऊ केले. त्या काळात केंद्राच्या हॅच कायद्याखाली राज्यांच्या प्रमुख कृषी प्रयोग केंद्रांना वर्षाला १५ हजार डॉलरपर्यंत निधी मिळत असे. अलाबामात तो निधी ऑबर्न येथील गोऱ्यांच्या महाविद्यालयाकडे जाई. हे महाविद्यालय टस्कीगीपासून ३० किलोमीटरच्या आसपास आहे.

आजूबाजूची जमीन थकलेली होती. वर्षानुवर्षे फक्त कपाशी घेतल्याने सेंद्रिय अंश संपला होता. पावसाने वरचा थर वाहून जाऊन शेतांत घळी पडल्या होत्या. यावर बाजारात उपाय होता तो चिलीहून येणारे नत्रयुक्त क्षार, पक्ष्यांच्या विष्ठेचे खत किंवा मिश्र खताची पोती. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झाला. म्हणजे कार्व्हर टस्कीगीत आले तेव्हा युरियाचा जमाना फार दूर होता. गरीब शेतकऱ्याला नत्र हवा असेल तर तो शेतातच तयार व्हायला हवा होता.

मुळांवरच्या गाठींत काय घडते?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो थेट वापरता येत नाही. शेंगवर्गीय पिकांनी यासाठी जीवाणूंशी भागीदारी केली आहे. मुळे काही रसायने मातीत सोडतात. ती ओळखून रायझोबियम गटातले जीवाणू मुळांत शिरतात. बहुतेक शेंगवर्गीय पिकांत ते मुळांच्या केसांतून आत जातात, भुईमुगात मात्र उपमुळे फुटतात तिथल्या फटींतून. मग मुळावर गाठ तयार होते.

गाठीच्या आत जीवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात आणि झाड त्याबदल्यात त्यांना साखर पुरवते. हे काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे एक प्रथिन असते. ते प्राणवायूला ताब्यात ठेवते. चालू गाठ कापली की आतून गुलाबी दिसते, ती त्यामुळेच.

कोणताही जीवाणू कोणत्याही पिकाला चालत नाही. चवळी आणि भुईमूग यांना मात्र साधारण एकाच गटातले जीवाणू लागतात. त्यामुळे ज्या शेतात चवळी चांगली येते, तिथे भुईमुगाच्या गाठींसाठीचे जीवाणूही बहुधा असतातच.

चवळी आधी, भुईमूग नंतर

टस्कीगीच्या प्रयोगशेतीत कार्व्हर यांनी फेरपालट, खोल नांगरट, बांधबंदिस्ती आणि शेंगवर्गीय पिके यांवर भर दिला. विकतच्या खताऐवजी जंगलातला पालापाचोळा, पाणथळ जागेतला गाळ आणि शेणखत त्यांनी वापरले. १९०३ मध्ये चवळीवर आणि १९०५ मध्ये थकलेल्या जमिनी सुधारण्यावर त्यांच्या पुस्तिका निघाल्या. भुईमुगाची प्रसिद्ध पुस्तिका त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१६ मध्ये आली. तीत लागवडीची माहिती आणि खाण्याचे १०५ प्रकार होते.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जमिनीला नत्र देण्याच्या बाबतीत भुईमूग हा चवळीइतका उदार नाही. भुईमूग उपटून काढावा लागतो. शेंगा बाजारात जातात आणि पाला जनावरांपुढे जातो, म्हणजे मिळवलेला बराचसा नत्र शेताबाहेर जातो. चवळीचे तसे नाही. शेंगा तोडून घेतल्या आणि उरलेले झाड नांगराखाली गाडले, तर नत्र आणि सेंद्रिय अंश दोन्ही जमिनीतच राहतात. कार्व्हर भुईमुगाचे शास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले, पण जमीन सुधारण्याच्या कामी त्यांचा पहिला भरवसा चवळीवर होता.

त्यांच्या पुस्तिका शेतकरी, शिक्षक आणि गृहिणी अशा तिघांसाठी असत. पीक कसे घ्यायचे, ते शास्त्र सोप्या शब्दांत आणि शेवटी पाककृती. अशा ४४ पुस्तिका निघाल्या. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी १९०६ मध्ये घोडागाडीवर फिरती शाळा सुरू झाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिल्याने ती ‘जेसप वॅगन’ म्हणून ओळखली गेली. अवजारे, बियाणे आणि दूध-लोण्याची साधने घेऊन ती शेतकऱ्यांच्या दारात जाई.

मधमाश्यांची भूमिका काय?

शेंगवर्गीय पिकांचे दोन मदतनीस असतात. मातीखाली जीवाणू आणि फुलावर मधमाश्या. पण प्रत्येक पिकाची दोघांवरची भिस्त सारखी नसते. लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला बी धरण्यासाठी लांब सोंडेच्या गुंजमाश्या लागतात. न्यूझीलंडमध्ये याच पिकाच्या बियाण्यासाठी १८८५ मध्ये इंग्लंडहून अशा माश्या नेल्या गेल्या. आपल्याकडच्या तुरीतही मधमाश्यांमुळे बऱ्यापैकी परपरागीभवन होते.

भुईमूग आणि चवळी मात्र प्रामुख्याने स्वपरागित आहेत. भुईमुगाचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि परागीभवन बहुधा उमलण्याच्या सुमारासच झालेले असते. मग त्याची आरी खाली वाकून मातीत शिरते आणि शेंग तिथे भरते. त्यामुळे माश्या कमी असलेल्या, कपाशीने व्यापलेल्या मुलखातही ही पिके शेंगा धरू शकत होती. पुढे कपाशीवरील किडीसाठी कॅल्शियम आर्सेनेट ही विषारी भुकटी धुरळली जाऊ लागली. तिने मधमाश्याही मरत. अशा शेतांच्या शेजारी स्वपरागित पीक असणे हा मोठाच आधार होता.

उपाय ठाऊक असूनही अडले कुठे?

अडचण मातीत नव्हती, जमिनीच्या मालकीत होती. टस्कीगीच्या परिसरातले बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. बियाणे, खत, पीठ-मीठ सारे मालकाकडून किंवा दुकानदाराकडून उधारीवर मिळे. व्याज जबर असे आणि तारण म्हणून उभे पीक लिहून दिलेले असे. सावकाराला हवी असे ती कपाशी, कारण तिला हमखास बाजार होता. चवळी गाडून जमीन सुधारतो, असे सांगणाऱ्या कुळाला उधारी कोण देणार?

दुसरी अडचण काळाची. शेंगवर्गीय पिकाचा नत्र पुढच्या पिकाला मिळतो. वाटेकरी पुढच्या वर्षी त्याच शेतावर असेल याची खात्री नसे. जमीन सुधारण्याचे कष्ट त्याचे आणि वाढलेल्या कसाचा लाभ मालकाचा, असा हा हिशेब होता. म्हणून कार्व्हर यांचा सल्ला हळूहळू मालकाच्या परवानगीशिवाय करता येणाऱ्या गोष्टींकडे वळलेला दिसतो. घरामागचा भाजीपाला, रानातल्या खाण्याजोग्या वनस्पती, फळे-भाज्या वाळवून ठेवणे, घर रंगवायला स्थानिक मातीचे रंग. शेंगदाण्याच्या पाककृतीही याच विचारातून आलेल्या. घरात पीठ-मीठ कमी आणावे लागले तर उधारी तेवढीच कमी होईल.

या प्रदेशात असे काम करणे जोखमीचेही होते. १९०२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळांची छायाचित्रे घेण्यासाठी फ्रान्सिस जॉन्स्टन ही गोरी छायाचित्रकार आली होती. तिच्यासोबत कार्व्हर रेमर गावी गेले. गोरी स्त्री काळ्या पुरुषांसोबत फिरते म्हणून जमाव चालून आला. जीव वाचवण्यासाठी कार्व्हर यांना रात्रभर पायी चालावे लागले. संस्थेतही सारे सुरळीत नव्हते. शिकवणे, प्रयोगशेती आणि कोंबड्यांची देखभाल अशी सारी ओझी त्यांच्यावर होती. हिशेबात आणि व्यवस्थापनात ते कच्चे होते. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटके उडत आणि राजीनाम्याची भाषा अनेकदा झाली. तरी ते टस्कीगी सोडून गेले नाहीत.

मग शेंगदाण्याची कीर्ती कशी झाली?

मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरलेला कपाशीच्या बोंडातला सोंडकिडा १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचला. ही आपल्याकडची बोंडअळी नव्हे, हा लांब सोंडेचा भुंगा. त्याने कपाशीचा हमखास बाजारच हलवला आणि सावकारांनाही दुसरे पीक शोधणे भाग पडले. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धामुळे वनस्पती तेलाची मागणी वाढली आणि दक्षिणेत भुईमूग पसरला. अलाबामातील एंटरप्राइज गावाने तर भुईमुगाकडे वळायला लावल्याबद्दल १९१९ मध्ये या किड्याचेच स्मारक उभारले.

भुईमुगाचा उद्योग असा उभा राहिल्यावर त्याला चेहरा हवा होता. जानेवारी १९२१ मध्ये आयात शेंगदाण्यावर कर लावावा, या मागणीसाठी उत्पादकांच्या संघटनेने कार्व्हर यांना अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे पाठवले. वेळ मिळाला होता दहा मिनिटांचा. सुरुवातीला काही सदस्यांनी वर्णावरून टोमणे मारले. कार्व्हर शांतपणे पेटीतून एकेक नमुना काढत राहिले. दूध, पीठ, रंग, मिठाई. समितीने पुन्हा पुन्हा वेळ वाढवून दिला. पुढच्या वर्षीच्या कायद्यात शेंगदाण्यावर कर लागला आणि कार्व्हर देशभर ‘शेंगदाण्याचे जादूगार’ झाले.

पीनट बटर त्यांनी शोधले का?

नाही. कॅनडातील मार्सेलस एडसन यांना भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट १८८४ मध्येच मिळाले होते. १८९५ च्या सुमारास जॉन हार्वे केलॉग यांनीही त्यावर काम केले. तेव्हा कार्व्हर विद्यार्थी होते. त्यांच्या नावावर एकूण तीन पेटंट आहेत. ती १९२५ ते १९२७ मधली, सौंदर्यप्रसाधने आणि रंगांची. त्यातून मोठा उद्योग उभा राहिला नाही. तीनशे वस्तूंच्या यादीत एकाच प्रकारच्या वस्तू वेगवेगळ्या मोजलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक बाजारात कधी आल्याच नाहीत. १९१६ च्या पुस्तिकेतल्या पाककृतींसाठी तर इतर पुस्तकांची मदत घेतल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते.

यात त्यांचा कमीपणा नाही. अडचण अशी की, वस्तूंची मोजदाद करताना मातीचे काम मागे पडले. शेंगदाण्याची जादू सर्वांना ऐकायला आवडे. जमीन कोणाची आणि तिचा कस कोणी खाल्ला, हा प्रश्न मात्र गैरसोयीचा होता. कार्व्हर यांनी स्वतःही राजकीय भाषणे टाळली.

अखेरची वर्षे

कीर्ती भारतापर्यंतही पोहोचली. गांधीजींचे स्नेही सी. एफ. अँड्र्यूज टस्कीगीला गेले होते. गांधीजींच्या आहारासाठी कार्व्हर यांनी सूचना पाठवल्या आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. कार्व्हर अविवाहित राहिले आणि साधेपणाने जगले. आयुष्यभराची सुमारे ६० हजार डॉलरची बचत त्यांनी संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांची कबर आहे. त्याच वर्षी मिसुरीतील त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक झाले. कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तीचा असा सन्मान प्रथमच होत होता.

आज शेतात काय पाहायचे?

ज्या जीवाणूंबद्दल कार्व्हर पुस्तिकांतून सांगत, ते आज पाकिटात मिळतात. खरिपाच्या पेरणीआधी साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळून ते सावलीत सुकवण्याची शिफारस महाराष्ट्रातही केली जाते. पाकीट त्या त्या पिकाचेच हवे. सोयाबीनचा जीवाणू भुईमुगाला चालेलच असे नाही. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी आणि जीवाणू शेवटी, कारण रसायनाने ते मरू शकतात.

काम झाले की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने एखादे झाड खुरप्याने मातीसकट उचलावे, मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि दोन-चार गाठी नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी दिसल्या तर नत्राचे काम सुरू आहे. पांढऱ्या असतील तर अजून सुरू व्हायचे आहे. हिरवट किंवा तपकिरी असतील तर त्यांचे काम संपले आहे. मात्र त्या नत्राचा लाभ पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याला मिळेल का, हे गाठ फोडून कळत नाही. ते सातबारा कोणाचा आणि करार किती वर्षांचा, यावर ठरते.